शांतावहिनीची मोजणी

आधीच कबूल करून टाकतो, मी थापा मारतो. शेलूबाजार ते मंगरूळपीर काळी-पिवळी जीप चालवतो आणि इतक्या वर्षांत माझ्या जीपमध्ये बसलेला एकही माणूस कंटाळून उतरलेला नाही. भुताच्या गोष्टी तर मी पोत्यानं सांगितल्या आहेत. आमच्याकडच्या माळावर अमावास्येला बिनमुंडक्याची म्हैस फिरते, असं तुम्ही कुठं ऐकलं असेल तर ती म्हैस माझी. पाच-सहा वर्षांपूर्वी एका पॅसेंजरला झोप येऊ नये म्हणून मी ती जन्माला घातली. आता तिला तीन गावांतल्या लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. एकानं तर मलाच येऊन सांगितलं, की तिच्या गळ्यात घंटी आहे. घंटी मी घातली नव्हती...

तर ज्यानं भुतं घरी बनवली, त्याचा भुतांवर किती विश्वास असणार? काडीचाही नव्हता. आजही 'आहे' असं म्हणवत नाही. पण गेल्या वर्षी जे झालं ते गावात कोणी ऐकून घेत नाही, म्हणतात गजाची नवीन म्हैस आली. म्हणून पोरगी म्हणाली, बाबा, या ग्रुपवर लिहा, इथले लोक निदान शेवटपर्यंत वाचतात. म्हणून लिहितोय.

सुरुवात माझ्या घोरण्यापासून करावी लागेल. घोरणं हा शब्दही इथं लहान पडतो. माझ्या घरावर टिनाचं छप्पर आहे. दर दिवाळीला त्याचे खिळे पुन्हा ठोकावे लागायचे. उन्हाळ्यात अंगणात झोपलो की गल्लीतली कुत्री दुसऱ्या गल्लीत राहायला जायची. एका वर्षी तर एका शेतकऱ्यानं मला तुरीच्या राखणीला बोलावलं. फक्त झोपायचं, बाकी काही करायचं नाही. मी खाटेवर पडलो की रानडुकरं चार एकर लांबूनच माघारी फिरायची. त्या वर्षी त्याला तूर चांगली झाली. (यातली निम्मी गोष्ट खरी आहे. कोणती निम्मी, ते सांगत नाही.)

पण माझी बायको मंगला हसायची नाही. ती म्हणे, "आवाजाचं काही नाही जी. आवाज थांबते, तवा मले भेव वाटते."

म्हणजे असं, की मी घोरता घोरता एकदम बंद पडायचो. इंजिन बंद पडावं तसा. श्वासच नाही. मग बऱ्याच वेळानं घर्रकन पुन्हा सुरू. मला यातलं काही माहीत नसायचं. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं आणि दिवसा झोप. झोप म्हणजे कुठंही! लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अक्षता हातात धरून उभ्याउभ्या झोपलोय मी.

मग एक दिवस दुपारी बारा वाजता, भरल्या जीपसकट, मी गाडी शांतपणे सडकेवरून खाली उतरवली आणि तुरीच्या वावरात नेऊन उभी केली. कोणाला खरचटलंही नाही. मागची माणसं बोलतच होती. एक म्हातारी म्हणाली, "माह्यं गाव आलं का बापा?" तेव्हा मला जाग आली. सगळे हसले, मीही हसलो. पण रस्त्याच्या त्या बाजूला वावर होतं म्हणून. दुसऱ्या बाजूला विहीर होती. मी घरी जाऊन त्या दिवशी जेवलो नाही.

वाशीमच्या डॉक्टरनं ऐकून घेतलं, गळ्यात बॅटरी मारली आणि सांगितलं, हा झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे, अकोल्याला जा. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात यावर संशोधन चालू होतं. पेशंट पाहिजेतच होते. मी म्हटलं, एकटा कशाला जाऊ, श्रावणला घेतो.

श्रावण माझा शाळेपासूनचा दोस्त, घराला घर लागून. तोही माझ्यासारखाच घोरणारा, पण त्याचं दुखणं वेगळं होतं. त्याची बायको, आमची शांतावहिनी, दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली. दोघं मिळून शेलूबाजारच्या बाजारात धान्याचं दुकान मांडायचे. श्रावण पोती उचलायचा आणि मापायची वहिनी. आमच्याकडे पायलीनं मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार... वहिनीचा आवाज एकाच सुरात चालायचा, ना घाई ना ढिलाई. अर्ध्या बाजाराला ऐकू जायचा. ती गेल्यावर दुकान बसलं नाही, पण श्रावण मापताना ओठ हलवायचा, आवाज काढायचा नाही.

आणि तो दोन वर्षांत एकदाही आडवा झोपला नव्हता. तुरीच्या पोत्यांना टेकून, बसल्याबसल्या डुलक्या काढायचा. डोळे सुजलेले, रंग उतरलेला. मी एकदा चिडवलं, "काबे, पोत्याशी लगन लावलं का?"

तो म्हणाला, "उताना झोपलो त मी मरीन, गजा. उठवाले कोनी नाही आता."

हे लक्षात ठेवा. मी लक्षात ठेवलं नाही, तिथंच सगळं बिघडलं.

अकोल्याला आम्हा दोघांना एक रात्र झोपवून तपासलं. डोक्याला, छातीला, पायाला वायरी. श्रावण म्हणाला, "एवढ्या वायरी तं आपल्या गावाच्या डीपीले बी नाही." सकाळी डॉक्टर मॅडमनी कागद दाखवला. माझा श्वास तासाला चाळीसच्या वर वेळा थांबत होता. श्रावणचा त्याहून कमी, पण त्याचे थांबे लांब होते... एकेक तीस-चाळीस सेकंदांचा, एक तर पन्नासचा.

मग मॅडमनी संशोधन समजावलं. तोंडावर मास्क लावायचा, मशीन हवेच्या दाबानं गळ्यातली वाट उघडी ठेवतं. पण मशीनं दोन प्रकारची होती. एक खरं, दुसरं नावापुरतं. दिसायला तेच, आवाज तोच, हवाही येते, पण वाट उघडी राहील इतका दाब नाही. कोणाला कोणतं मिळालं हे पेशंटला माहीत नाही आणि मॅडमनाही नाही. ते बंद पाकिटात. तीन महिन्यांनी पाकीट उघडणार आणि मग नावापुरतं मशीन ज्यांना मिळालं, त्यांनाही खरं देणार. तोवर मशीन आपलं आपणच वापरायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही, असं त्यांनी तीनदा सांगितलं.

आता आमच्या गावात आपलं-तुपलं असं काही नसतंच. फवारणीचा पंप एकाच्या घरचा आणि वावरं सगळ्यांची. पण आम्ही माना डोलावल्या आणि सह्या केल्या.

"व्यवसाय?" मॅडमनी विचारलं. "वाहन चालवणाऱ्यांना आम्ही यात घेत नाही. त्यांना थेट खरं मशीनच लावतो, पण त्यासाठी थोडं थांबावं लागेल. आणि तोवर गाडी बंद."

मी म्हटलं, "शेती."

गाडी बंद ठेवून बसणं मला जमणार नव्हतं. ही माझी पहिली लबाडी.

पंधरा दिवसांत फरक दिसला, पण श्रावणमध्ये. पठ्ठ्या दोन वर्षांनी पहिल्यांदा खाटेवर पाठ टेकून झोपला. चेहरा उजळला. बाजारातल्या दुकानावर पुन्हा हसू-बोलू लागला. आणि मी? मी मास्क लावून तसाच घोरत होतो, मास्क आहे म्हणून आवाज फक्त थोडा दबून यायचा, ट्रॅक्टरवर गोधडी टाकल्यासारखा. मंगला रोज सकाळी मान हलवायची. जीप चालवताना मी मिरच्या चावायचो, गालात चापट्या मारून घ्यायचो, तरी एकदा शाळेच्या पोरांच्या पुढ्यात ब्रेक लावायला उशीर झाला. पोरं वाचली. त्या दिवशी मी ठरवलं.

माझं मशीन नावापुरतं आहे, श्रावणचं खरं. माझ्या गाडीत अकरा माणसं बसतात. श्रावण घरी एकटा झोपतो, त्याच्या झोपण्यानं कोणाला धोका नाही. हा माझा हिशोब. दोन्ही मशीनवर वरून आमच्या नंबरांच्या चिकटपट्ट्या होत्या. महिन्याच्या तपासणीहून परत येताना दोन्ही पिशव्या माझ्याच जीपमध्ये. श्रावण चहा प्यायला उतरला. मी चिकटपट्ट्या काढल्या, अदलाबदल केल्या, अंगठ्यानं दाबल्या. चहा संपायच्या आत काम खलास. जीपच्या नंबरप्लेटा बदललेला माणूस मी. (तेही थापेतच धरा.)

त्याच रात्री मी असा झोपलो की सकाळी मंगला रडत होती. मला वाटलं, मी मेलो. ती म्हणाली, "रातभर एकदा बी थांबले नाही जी तुमी. मी झोपली. किती सालानं झोपली मी."

मी खूश. पण आता श्रावणची खबर घेणं भाग होतं. आठ दिवस मी चोरासारखा त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. फरकच नाही. तसाच ताजा. उलट जास्तच खुशीत.

"कसं हाय मशीन?" मी विचारलं.

"बेस हाये. गजा, तुह्यं मशीन मोजते का रे?"

"काय मोजते?"

"आकडे. बाईचा आवाज हाये बारीक. माह्यं मोजते. आंधी नोतं मोजत, आता आठ रोजापासून मोजून राह्यलं."

मी म्हटलं, असेल बाबा, फोनमध्येही बाई बोलते, एटीएममध्येही बोलते, मशीनमध्ये का नाही बोलणार. आणि मनात म्हटलं, चला, म्हणजे दोन्ही मशीनं खरी आहेत, माझं आधीचं नीट चालू होत नव्हतं इतकंच. माझं मन हलकं झालं. लबाड माणसाचं मन हलकं व्हायला काय लागतं?

दोन महिने असेच गेले. मग पाकीट उघडायचा दिवस आला. मॅडमनी आम्हाला दोघांनाच आत बोलावलं, बाकीचे बाहेर बसून. टेबलावर आमची दोन मशीनं.

"गजाननराव," मॅडम म्हणाल्या, "वरच्या चिकटपट्टीवर जो नंबर असतो तोच मशीनच्या आतल्या मेमरीतही असतो. तो आम्ही शेवटी जुळवतो. पहिला महिना संपल्यावर तुम्ही मशीन बदललं."

मी खाली पाहत होतो. श्रावण माझ्याकडे पाहत होता.

"म्हणजे दोन महिने," त्या म्हणाल्या, "यांच्या तोंडावर नावापुरतं मशीन होतं. पन्नास सेकंद श्वास थांबणारा माणूस, उताणा, घरात एकटा. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलं?"

मला कळलं. 'उठवाले कोनी नाही आता' हे शब्द त्याच वेळी आठवले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ सांगायला गोष्ट नव्हती.

"पण मी त्यासाठी बोलावलं नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. "मला हे समजत नाही."

पडद्यावर एक रेघ होती. श्वास आत, श्वास बाहेर, वर-खाली. मग सपाट. मग पुन्हा वर-खाली. ती श्रावणच्या श्वासाची रेघ.

"दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला तरच आम्ही त्याला थांबा धरतो. त्यामुळे यांच्या कागदावर दोन महिने जवळजवळ शून्य आलंय. मी म्हटलं, नावापुरत्या मशीनवर शून्य कसं? म्हणून मूळ रेघ काढली. श्वास तर रोज रात्री शेकडो वेळा थांबलाय. पण प्रत्येक वेळी नऊ सेकंद. आठ नाही, दहा नाही. नऊ झाले की रेघ उडते, कोणी हलवल्यासारखी. आजार असा घड्याळ लावून चालत नाही. आणि इतक्या वेळा झोप मोडलेला माणूस दिवसा पेंगला पाहिजे. हे तर ताजे आहेत." त्यांनी श्रावणला विचारलं, "तुमच्या खोलीत कोण झोपतं?"

"कोनीच नाही."

"कोणी उठवतं? गजर वगैरे?"

"मशीनच मोजते ना," श्रावण म्हणाला.

मॅडम म्हणाल्या, "या मशीनमध्ये आवाजाची सोयच नाही. स्पीकरच नाही."

श्रावण पडद्याकडे बोट करून म्हणाला, "हे रेघ चालवता येते का, मॅडम? रातच्याला चालली तशी?"

मॅडमनी रेघ चालू केली. वर-खाली, वर-खाली... आणि सपाट झाली. श्रावणनं डोळे मिटले आणि हळू आवाजात, एका सुरात म्हणायला लागला, "लाभ... दोन... तीन... चार..."

तोच सूर, वहिनीचा. नऊ म्हटलं आणि पडद्यावर रेघ उडाली. त्याचे डोळे मिटलेले होते. पुन्हा सपाट झाली ती त्याला दिसली नाही, तरी पुन्हा बरोबर त्याच क्षणाला सुरू, "लाभ... दोन..." असं सहा वेळा झालं. सहाही वेळा नऊला रेघ उडाली. सातव्या वेळी मॅडमनीच रेघ थांबवली.

"लाभ म्हणजे?" त्यांनी मला विचारलं. त्या पुण्याकडच्या. मी सांगितलं, आमच्याकडे मापताना एकला असं म्हणतात. आणि हेही सांगितलं, की कोणती कंपनी असं मशीन बनवणार, जे वऱ्हाडातल्या बाजारातलं मोजतं.

मग श्रावणनं जे सांगितलं ते मलाही माहीत नव्हतं, इतक्या वर्षांचा शेजारी असून. लग्न झाल्यापासून वहिनी रात्री जागी राहायची. याचा श्वास थांबला की ती मोजायची, बाजारात मापावं तसं. नऊ झाले की छातीवर हात ठेवून हलवायची आणि म्हणायची, "घ्या जी." याचा श्वास सुरू झाला की थांबायची. तीस वर्षं, रोज.

मॅडमनी विचारलं, "नऊच का? दहा सेकंदांचं त्यांना कोणी सांगितलं होतं?"

"कोन सांगते तिले. दवाखान्यात गेलोच नाही आमी कधी," श्रावण म्हणाला. "ती म्हने, दहावं माप भरलं का पोतं सरते. दहा म्हनू द्याचं नाही."

मग तो माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता मारेल. मारायलाच पाहिजे होतं.

"आठ रोज म्हनलं ना मी तुले, आंधी मोजत नोती? तू मशीन बदललं त्या रातीपासून मोजली तिनं," तो म्हणाला. "दोन साल मी बसून झोपलो, तवा नाही आली. दवाखान्यात झोपलो तवा बी नाही."

"दवाखान्यात कशी येईन," मी कसाबसा म्हणालो, "तिथं वायरी किती होत्या."

श्रावण हसला. मॅडमही हसल्या, पण त्यांचा हात माऊसवर नुसता होता, हलत नव्हता.

आमची दोघांची नावं त्या संशोधनातून काढून टाकली. मी मशीन बदललं, खोटा व्यवसाय सांगितला (तेही मी तिथंच कबूल केलं), त्यामुळे आमचे आकडे धरता येत नाहीत, नियमच तसा आहे. म्हणजे आयुष्यात एकदाच माझ्या हाती खरी गोष्ट लागली, शिवाय पुराव्यासकट, आणि माझ्याच लबाडीनं पुरावा बाद झाला. मॅडम म्हणाल्या, मी ती रेघ माझ्यापुरती ठेवलीय, दोन मोठ्या डॉक्टरांना दाखवली, एक म्हणाले मशीन बिघडलं असेल. मशीन तपासलं. बिघडलेलं नव्हतं.

निघताना त्यांनी दोन खरी मशीनं टेबलावर ठेवली. एक माझं, रागावून दिलेलं. दुसरं श्रावणचं. पण श्रावण हात लावेना.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"हे लावलं का श्वास थांबत नाही ना?"

"नाही थांबणार."

"मंग ती कायले मोजीन?"

मॅडम काही सांगायला गेल्या, की तुमच्या हृदयावर ताण येईल, असं चालणार नाही... पण वाक्य अर्धंच सोडलं. मी त्याच्या पाया पडलो. खरंच पडलो, यात थाप नाही. म्हटलं, "श्रावण्या, माह्यामुळं तू मेला असता. हे मशीन घे. नाहीतं मी इथून उठत नाही."

त्यानं मला उठवलं नाही. खिडकीबाहेर पाहत बसला. मग मशीनची पिशवी हळूच ओढून मांडीवर घेतली.

"चाल, उठ," तो म्हणाला. "तीस वर्सं जागली ती. आता तरी झोपू दे तिले."

परत येताना जीप मी चालवली. वाटेत दोघंही बोललो नाही, आणि मी न बोलता गाडी चालवल्याची ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंपणावरून विचारलं, "काय रे, मोजलं का?"

श्रावण दात घासत होता. चूळ भरली, तोंड पुसलं. "मास्क लावला तवा एकडाव म्हने, लाभ. मंग मी वाट पाह्यली. दोन नाही म्हटलं तिनं."

"मंग?"

"मंग काही नाही. झोपली असंन."

त्याला आता वर्ष होईल. मशीन रोज चालतं, त्यातल्या मेमरी कार्डावर थांबे नाहीत, आवाज काही नाही. बाजारात तो मापतो आणि आता मोठ्यानं मोजतो. मी जीप लावतो तिथपर्यंत ऐकू येतं. बिनमुंडकी म्हैस मी बनवली, तिचं काय ते मी सांगू शकतो. हे मी बनवलेलं नाही. एक मात्र सांगतो... श्रावण पायली मापताना नवव्या मापाला अजूनही हात जरा थांबवतो, आणि मग दहा म्हणतो.